सरावात दार उघडायचं नाही

आमच्या शाळामंडळाकडे शहरातल्या चार शाळा आहेत आणि बाहेर, नेब्रास्काच्या मक्याच्या शेतांमधली ही एक. झाडलोट, दिवे, कुलपं यासाठी मला तिथं पाठवतात. त्या दिवशी जेवणानंतर सराव होता. शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं, त्याचा. वर्गांना आतून कुलूप, दिवे बंद, पोरं भिंतीला टेकून गप्प. बाहेरून कुणी कितीही विनवलं तरी दार उघडायचं नाही. शेवटी हेडबाई स्वतःच्या किल्लीनं उघडतात. माझं काम एवढंच, की प्रत्येक दाराची मूठ एकदा फिरवून बघायची.

"तुला बरं जमेल, कोडी," हॅल्वर्सन हेडबाई म्हणाल्या होत्या. "तसाही तू कुणाशी बोलत नाहीस."

माझी धाकटी बहीण जूनी दुसरीत, मिस प्रुइटच्या वर्गात. तिचं दार पक्कं होतं. मी पुढं गेलो. व्हरांड्यात दालचिनीच्या रोल्सचा वास रेंगाळत होता. एवढी पोरं आत, आणि श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

शेवटची खोली अडगळीची. आतून कुणीतरी दारावर बोटं घासत होतं.

"ए कोडी... मी इथं राहिले... उघड ना..."

जूनीचा आवाज. बाथरूमला गेली असेल, घाबरून इथं शिरली असेल. मी किल्ली लावली, अर्धी फिरवली. तेवढ्यात दुरून हेडबाईंनी हात केला. धावत जाऊन त्यांना सांगितलं. त्या कुजबुजल्या की मिस प्रुइटचा निरोप आलाय, तिची सगळी पोरं आत आहेत, जूनीसुद्धा. मला पटेना. मग त्यांनी आधी तोच वर्ग उघडला.

जूनी भिंतीशी बसली होती. डोळे रडून लाल.

मिस प्रुइट हळू आवाजात मला बोलली. सराव ठीक आहे, पण लहान पोरांच्या दाराशी इतका वेळ रडायचं? जूनी दाराकडे धावू नये म्हणून मिस प्रुइटनं तिला धरून ठेवलं होतं.

मी तर फक्त मूठ फिरवली होती.

"जूनी, मी काय म्हणत होतो?"

ती माझ्याकडे बघेना. "थंडी वाजतेय, उघड, म्हणत होतास. मी नाही उघडलं. मग म्हणालास..."

"काय?"

"बरं... मग कोडीला उघडायला सांगतो."

हेडबाईंनी दार आतून लावलं, दिवा घालवला. पोरं न सांगता पुन्हा भिंतीला टेकली.

"तुझ्या किल्ल्या?" त्यांनी विचारलं.

मी कमरेला हात लावला. जुडगा अडगळीच्या दारालाच राहिला होता. सगळ्या वर्गांच्या किल्ल्या त्यातच.

व्हरांड्याच्या टोकाला कुलूप उरलेलं अर्धं फिरलं. मग किल्ल्यांचा आवाज, सावकाश, एकेका दाराशी थांबत, आमच्याकडे येऊ लागला.

जूनीनं माझ्या तोंडावर तळहात दाबला. दाराबाहेर मी हळूच खोकलो.