निमोण्यातला बेस

बसा असं जवळ. हे मला शलमोननं सोता सांगितलंय. रांजणगावच्या कंपनीत आम्ही दोघं एका लाइनीवर होतो. उगा काहीबाही सांगणारा गडी न्हाई त्यो.

दोन हजार तेवीसची गोष्ट. तेवीस डिसेंबर, शनिवार. नाताळाच्या आधी त्यांच्या चर्चची मंडळी घरोघर गाणी म्हणत फिरत्यात. शलमोन त्यात बेस गिटार वाजवायचा. म्हंजी चार जाड तारांची, घुमणारी. तिचा आवाजाचा मोठा डबा, अँप, मोटारसायकलवर कुठं न्यायचा? म्हणून त्यानं भाषणाला लावत्यात तसला बॅटरीवरचा स्पीकर घेतला होता. गिटारची वायर त्यालाच खोचायची, झालं काम.

त्या दिवशी निमोण्याला ग्लॅडिसमावशीकडं जायचं होतं. मावशीचा एकुलता पोरगा जॉन्सन, शलमोनचा जिवलग. पावसाळ्यात यवतजवळ हायवेला अपघातात गेला. तवापासून मावशी ना रडली, ना कुणाशी धड बोलली. आन् आता तिनंच निरोप धाडला, की जॉन्सनच्या आवडीचं गाणं म्हणा, घरात ठेवलेली त्याचीच बेस गिटार वाजवा. शलमोनचा पाय निघंना. अपघाताच्या दिवशी जॉन्सननं त्याला बरोबर चल म्हणलं होतं, आन् ह्यानं ओव्हरटाइम घेतला होता.

मंडळी टेम्पोनं पुढं गेली. हा मागनं, स्पीकर कॅरेजला बांधून. पोचला तवा साडेनऊ झालेले. गावात लाइट न्हवती. मावशीच्या घरात दोन मेणबत्त्या.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्याला शलमोनला हुंदका आला. त्यानं तारांवरनं हात उचलला.

बेस वाजतच राहिला.

गाणारे एकेक करून गप झाले. शलमोननं वायर उपसली. चालूच. बटन बंद केलं. लाल दिवा विझला...

चालूच.

सावकाश. एकेक सूर. जॉन्सन वाजवायचा तसा, जरा मागं रेंगाळणारा.



मावशी पुढं आली. स्पीकरवर तळवा ठेवला. हळूच म्हणली, "जेवलास का रं?"

सूर थांबला...

मग मावशी खाली बसली आन् सहा महिन्यांचं रडली. शलमोननं तिला ओव्हरटाइमचं सगळं सांगून टाकलं. ती म्हणली, "मला ठावं हाय बाळा. त्यालाबी ठावं हाय."

मंडळी परत गेली. शलमोन मावशीच्या सोबतीला राहिला. वायर गुंडाळून स्पीकरवर ठेवली, दाराला आतनं कडी घातली, आन् तिथंच आडवा झाला. रात्री कसलाच आवाज न्हाई.

सकाळी कडी तशीच होती.

वायरचं एक टोक स्पीकरला खोचलेलं. दुसरं दाराखालच्या फटीतनं बाहेर गेलेलं. शलमोननं दार उघडलं.

अंगणात... वायरची पिन मातीत, गिटारला खोचत्यात तशी, पार मुळापतोर खोचलेली.