शेवटच्या गोळीचा मान

मालनचं वागणं बघा! धाकटी जाऊ माझी. आम्हा दोघींना सांधेदुखी एकच, गोळीही एकच. पण ही बाई सकाळी सकाळी शेवयांच्या पाटावर बसते आणि पिठातून रेशमासारखी तार काढते. माझी बोटं मात्र त्या वेळी सरपणासारखी ताठ. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या पाटावर मी बसतेय. यंदा नात शाल्मली म्हणाली, "आजी, तू नुसती बघ हं." बघ म्हणे! घरच्या थोरलीनं बघायचं आणि धाकटीनं मिरवायचं?

मी थेट धन्वाला धरलं. धन्वा म्हणजे आमच्या घरी औषधं देणारा यंत्रमानव. "काय रे पत्र्या, तिला भारीतली गोळी देतोस आणि मला हलकी?"

"नाही आजी. दोन्ही एकाच डबीतल्या."

"मग असं का?" शाल्मली विचारात पडली. "धन्वा, कुणाला कधी देतोस?"

"आजींचा हुकूम आहे. चहा असो की औषध, पहिला मान थोरलीचा. म्हणून त्यांना सकाळी आंघोळ-पूजा झाली की लगेच. मालनआजींना सगळ्यांत शेवटी, झोपताना."

"मग! रीत आहे ती," मी म्हटलं.

धन्वाच्या छातीवरच्या काचेवर लाटेसारखी रेघ उमटली. "आपल्या अंगात जैविक घड्याळ (शरीराची कामं वेळच्या वेळी करून घेणारी व्यवस्था) असतं. झोप, भूक, अंगाची ऊब त्याच्या तालावर चढते-उतरते. तुमच्या दुखण्यातला दाह (सांध्यांची सूज आणि ठणका) पहाटे जोर धरतो. आणि ही गोळी पोटात गेल्यावर चार-पाच तासांनी उघडते. आता सांगा, आजींची कधी उघडत असेल?"

"भर दुपारी!" शाल्मली ओरडली. "तेव्हा तर आजीची बोटं आपोआप सैल झालेली असतात. चोर पळाल्यावर राखणदार हजर!"

"मालनआजींचा राखणदार मात्र पहाटेआधीच दारात उभा."

मला मिरच्या झोंबल्या. मागे राहून बाजी मारली की हो तिनं!

"माझीही वेळ बदल," मी म्हटलं.

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही." पत्र्या जागचा हलेना. शेवटी डॉक्टर पडद्यावर आले, सगळं ऐकलं, 'रात्री घ्या' म्हणाले.

थोडे दिवस गेले. एका सकाळी उठले तर मूठ सहज वळली. तशीच जाऊन पाटावर बसले. पीठ ओढलं. तार लांबत गेली, तुटली नाही.

"धन्वा, पुढे प्रत्येकाच्या अंगातलं घड्याळ बघून औषध देतील?" शाल्मलीनं विचारलं.

"शास्त्रज्ञ त्याच खटपटीत आहेत. राहिलेलं तू मोठी होऊन शोध."

मालन हळूच म्हणाली, "अक्का, आता दोघींची गोळी रात्रीच. मग आधी कुणी घ्यायची?"

"तू," मी म्हटलं. "शेवटचा मान थोरलीचा असतो, मालन. आणि सरक जरा तिकडे, तुझी शेवई जाड येतेय."