झाकण लावलं की बंद!

"पुन्हा विझला!" सुतळीचा धाकटा भाऊ भोपळा ओरडला.

सुतळीने उबवणीच्या पेटीत डोकावून पाहिलं. दिवा विझलेला, पंखा थांबलेला आणि आत सहा अंडी! त्यांची कोंबडी मांजराने पळवल्यापासून ती याच दिव्याच्या उबेवर होती. दिव्याला एकसारखे बारा व्होल्ट देणारं सर्किट सुतळीने स्वतः जोडून पत्र्याच्या डब्यात बसवलं होतं. कालपर्यंत बिनतक्रार चाललं आणि आज सकाळपासून रुसलं.

"पोरखेळ नुसता!" मामा वर्तमानपत्रामागून म्हणाला. "जेवणाआधी सुरू झालं नाही, तर मीच अंडी फेकून देतो. नाहीतर घरभर वास सुटेल!"

मामीने अंडी गरम टॉवेलात गुंडाळली. "पळा आता. ही ऊब फार वेळ टिकायची नाही."

सुतळी, भोपळा आणि शेजारचा वकील खिडकीजवळच्या टेबलाला चिकटले. वकील म्हणजे सरळ बोलणंच माहीत नसलेला, कायम वाद घालणारा मुलगा.

सुतळीने डब्याचं झाकण काढून मीटर लावला. बारा व्होल्ट!

"चालतंय की!"

झाकण लावलं. शून्य! काढलं, पुन्हा बारा.

"अंधाराला घाबरतंय ते," भोपळा म्हणाला.

"हरकत आहे!" वकील गरजला. "आरोपी झाकण आहे. त्याची झडती घ्या!"

सुतळीने झाकण उलटं केलं. आतला पत्रा घासून लख्ख केलेला, कडेला फक्त गोंदाचा पिवळा डाग.

"इथली रबराची पट्टी कुठे गेली? सायकलची ट्यूब कापून चिकटवली होती मी!"

"एवढ्याशा पट्टीने काय होतं?" भोपळ्याने विचारलं.

"अरे, व्होल्ट एकसारखे ठेवणारा हा रेग्युलेटर तापू नये म्हणून त्याला ही ॲल्युमिनियमची प्लेट लावलीय. तिच्यातही बारा व्होल्ट असतात आणि डब्याला जोडलीय उणे तार. मध्ये रबर नसलं, की प्लेट झाकणाला टेकते आणि वीज दिव्याकडे न जाता मधल्यामध्येच परत फिरते!"

"पण झाकण काल मामाने रंगवायला काढलं आणि आज सकाळी परत लावलं," भोपळा कुजबुजला. "आत हात लावला नाही म्हणतो."

सुतळी कोपर टेकून विचार करू लागली आणि दचकली. हे टेबल कालपर्यंत डुगडुगत होतं! तिने वाकून पाहिलं. एका पायाखाली काळी पट्टी!

"मामा," ती मोठ्याने म्हणाली, "टेबल काय झकास बसवलंस रे!"

"मग!" मामाने वर्तमानपत्र खाली केलं. "कधीपासूनचं दुखणं! अगदी मापाचं रबर मिळालं."

"कुठे मिळालं?"

"तुमच्याच त्या डब्यात काहीतरी घाण चिकटली होती, ती..." मामाने जीभ चावली.

"नोंद घ्यावी!" वकील ओरडला.

मामीने मामाकडे असं पाहिलं, की त्याने स्वतःच टेबल उचलून धरलं. पट्टी पुसून जागेवर बसली. झाकण लागलं. बारा! दिवा लागला, पंखा गरगरला, अंडी पेटीत गेली.

पण तिन्ही पोरांचे चेहरे उतरलेलेच. आत जीव उरला असेल का?

पेटी चांगली तापल्यावर मामीने अंधार करायला खिडक्या लावल्या. सुतळीने एक अंडं टॉर्चवर धरलं. लालसर उजेडात बारीक शिरा दिसल्या. मधोमध एक काळा ठिपका. स्थिर.

ठिपका हलला!

"जिवंत आहे!" सगळ्यात आधी मामाच ओरडला. मग घसा साफ करून म्हणाला, "पोरी, सर्किट पक्कं बनवलंयस हो. पोरखेळ म्हणालो ते माझं चुकलं." त्याने हात पुढे केला. "दुसरं अंडं मी धरू का? जपून धरतो."