सर्वोत्कृष्ट सहाय्यक धूळ

दही माझं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

श्रावणातला रविवार. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका मिसळीच्या हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर बारीक भुरभुर चालू होती. वेटरनं मला एका टेबलावर बसवलं आणि समोरच्या खुर्चीत एका अनोळखी मुलाला. केस भिजलेले, चष्म्यावर थेंब. दह्याची वाटी आली तशी त्यानं ती सरळ स्वतःकडे ओढली.

"ते माझं आहे," मी म्हणाले.

"मीपण सांगितलं होतं की."

"कधी?"

"आत्ता... मनातल्या मनात."

मी हसू पावाच्या आड लपवलं. त्यानं वाटी पुन्हा माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, "काय करता तुम्ही?"

"अंबडला कंपनीत आहे, क्वालिटीला. दिवसभर पार्ट मोजते आणि 'हा चालणार नाही' म्हणते."

"आणि रविवारी?"

"रविवारीही तेच म्हणते."

तो हसला. हसताना त्याचे डोळे अगदी बारीक व्हायचे. नाव रविराज. राहायला इंदिरानगरला. विनोद लिहायचा, पण दुसऱ्यांसाठी. मुंबईतले कलाकार स्टेजवर ते म्हणायचे, हशा त्यांना मिळायचा.

"मग तुम्हाला काय मिळतं?"

"आज दही मिळेल असं वाटलं होतं," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी आम्ही ठरवून भेटलो. मग तिसऱ्या. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते लक्षात नाही, पण सोमेश्वरच्या धबधब्यापाशी एका छत्रीत भाजलेलं कणीस खाताना मी त्याला नानांची गोष्ट सांगितली, ते नक्की आठवतं.

नाना म्हणजे माझे वडील, सावळीराम. आम्ही सायखेड्याचे. आठ-नऊ वर्षांपूर्वी गावात नदीकाठी एका सिनेमाचं शूटिंग झालं. हिरोच्या मागून एक बैलगाडी जायला हवी होती, म्हणून त्यांनी नानांना बोलावलं. रणरणत्या उन्हात नानांनी मोत्या आणि पाखऱ्याला जुंपून तोच रस्ता अकरा वेळा कापला. सिनेमा आला तेव्हा आम्ही चौदा जण नाशिकला बघायला गेलो. नाना इस्त्रीचा सदरा घालून. तो प्रसंग आला, हिरो बोलला... मागे गाडीच नाही. कापली होती. नुसती धूळ उरली होती. आईचा चेहरा पडला. तेव्हा नाना अंधारात उभे राहून सगळ्या थेटरला ऐकू जाईल असं म्हणाले, "ती धूळ आपली हाय."

सगळं थेटर हसलं. त्यानंतर नानांनी ही गोष्ट पारावर किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा, सगळं त्यांना माहीत. गाव दर वेळी नव्यानं हसायचं.

रविराज कणीस खायचाच विसरला. "तुझे नाना भारी आहेत," तो हळूच म्हणाला. त्याच्या खांद्यावर पाऊस पडत होता, कारण छत्री त्यानं पूर्ण माझ्याकडे झुकवली होती. त्या दिवशी मी त्याच्या प्रेमात पडले. पडले ती पडले.

जानेवारीत त्याचा फोन आला. आवाजात नुसती उकळी. "रविवारी संध्याकाळी सिनेमा पुरस्कारांचा सोहळा आहे ना टीव्हीवर, तो गावी जाऊन बघ. नानांबरोबर. मी लिहिलंय त्यात. काय ते सांगणार नाही..."

मी गेले. आईनं, म्हणजे लंकाबाईनं, शेंगा भाजल्या. शेजारचे भिकाकाका, त्यांच्या सुना, नातवंडं, सगळे आमच्या ओसरीत. तेजूच्या, म्हणजे माझ्या, मित्रानं लिहिलेला कार्यक्रम म्हणून.

सूत्रसंचालक होता एक मोठा विनोदवीर. सुरुवातीला त्यानं दोन-चार नटांची टिंगल केली. मग म्हणाला, "नाशिकजवळ सायखेडा नावाचं गाव आहे..." ओसरीत सगळे सावरून बसले. नानांनी फेटा नसताना फेटा नीट केल्यासारखा डोक्यावरून हात फिरवला.

मग तो माणूस स्टेजवर फेंगडा चालायला लागला. डोकं खाजवत, तोंड वेडंवाकडं करून, गावाकडच्या बोलीची नक्कल करत. कुणी एक अडाणी शेतकरी, त्याला सिनेमा म्हणजे काय तेच कळत नाही, पडद्यावर धूळ दिसली तरी त्याला वाटतं आपण नट झालो. "तर यंदाचा सर्वोत्कृष्ट सहाय्यक धुळीचा पुरस्कार जातो..." तिथे टाळ्यांनी त्याचा आवाज बुडाला. कॅमेऱ्यात एक नटी हसून हसून डोळे पुसताना दिसली.

भिकाकाका आधी हसले. मग त्यांनी नानांकडे पाहिलं आणि हसणं आवरलं. नानांनी टीव्ही बंद केला नाही. बंद केला असता तर लागलंय हे दिसलं असतं. त्यांनी फक्त आवाज कमी केला आणि शेंगा सोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी मोबाइल उघडला तर तो तुकडा सगळीकडे. 'सगळ्या सोहळ्यात एवढंच बघण्यासारखं होतं.' 'गावची माणसं भोळीच असतात, किती गोड.' 'हा शेतकऱ्यांचा अपमान आहे, माफी मागा.' त्याखाली, 'जोक आहे, घ्या की हसून.' मी प्रत्येकाला उत्तर लिहायला घेतलं आणि प्रत्येक उत्तर खोडलं. शिव्या देणाऱ्यांचा राग येत होता, हसणाऱ्यांचा येत होता, 'किती गोड' म्हणणारीचा तर सगळ्यात जास्त. गावात काहींनी त्या विनोदवीराचा पुतळा जाळायचं काढलं. नानांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं.

शिफ्ट सुटली तेव्हा रविराज गेटवर उभा होता.

"तेजू, मी असं लिहिलं नव्हतं. त्यानं बदललं सगळं. ती चाल, ते डोकं खाजवणं... माझ्या कागदावर नाना हुशार होते."

"गावाचं नाव?"

"ते... खरं वाटावं म्हणून."

"आणि शेवटची ओळ? सहाय्यक धूळ?"

त्यानं चष्मा काढून पुसला. बाजूनं ट्रक गेला.

"ती माझी."

"विचारलं का नाहीस?"

"तुला आनंद होईल असं..."

"विचारलं का नाहीस, रविराज? मी तुला माणूस समजून सांगितलं होतं. तू दुकान उघडून बसला होतास."

मला रडायचं नव्हतं. रडले नाही. बसमध्ये चढले आणि त्याचा नंबर ब्लॉक केला.

आठवड्यानं माझी मामेबहीण पूजा, जिच्याकडे मी राहते, मोबाइल घेऊन आली. रविराजनं स्वतःच्या नावानं जाहीर लिहिलं होतं. तो विनोद मी लिहिला, गोष्ट दुसऱ्याची होती, न विचारता घेतली, चूक माझी. त्या विनोदवीराच्या लोकांनी त्याला कामावरून काढलं होतं.

"वाच तरी," पूजा म्हणाली.

"वाचलं. मग? टाळ्या वाजवू?"

त्या रविवारी मी गावी होते. अकराच्या एसटीनं तो सायखेड्यात उतरला, घर विचारत विचारत आला आणि अंगणात उभा राहिला. पांढरे बूट, हातात काहीही नाही. बरं झालं. पेढे आणले असते तर मीच फेकले असते.

"नाना, मी रविराज. ते मी लिहिलं होतं."

नाना बाजेवर बसले होते. त्यांनी त्याला खालून वर न्याहाळलं.

"माझ्यावर लोक हसले त्याचं काय नाय. मीच हसवायचो त्यांना. तो माझा इनोद होता, पोरा. मी सांगायचो, लोक हसायचे. परवा पारावर गेलो, तोंड उघडायच्या आत पोरं हसाया लागली. आता ती गोष्ट मला सांगता येत नाय. तुला कळतंय का तू काय नेलं ते?"

रविराज खाली वाकला. नानांनी पाय मागे घेतले.

"पाय नको धरू. लाइट आलीय, कांद्याला पाणी भरायचंय. दारं धरता येतं का?"

"नाही."

"मग शिक."

दारं धरणं म्हणजे एक वाफा भरला की फावड्यानं माती ओढून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं. दिसायला सोपं असतं. मी बांधावर बसून बघत होते, मदतीला गेले नाही. पहिल्या पाच वाफ्यांतच पाणी त्याच्या हातचं सुटलं. ते अडवायला तो धावला, चिखलात बूट रुतला, बूट तिथेच राहिला आणि हा पुढे पाटात पालथा. चष्मा वाहत चालला तो नानांनी फावड्यानं अडवला.

दुपारी भिकाकाका चहाला आले. रविराज नानांचा जुना सदरा घालून ओसरीत बसला होता. नानांनी कपातला चहा बशीत ओतला, एक घोट घेतला.

"भिका, आज मुंबईला लिहिणारे साहेब आपल्या रानात आले. पाणी म्हणलं, साहेब, थांबतो मी. साहेब म्हणले, नको, मीच येतो."

मग नाना उठले. बूट कसा रुतला, साहेब एका पायावर कसे नाचले, चष्मा होडीसारखा कसा निघाला, सगळं करून दाखवलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा, सगळं जागच्या जागी. भिकाकाकांना ठसका लागला. आई पदर तोंडाला लावून आत पळाली. रविराजचे कान लाल झाले होते. तो मान खाली घालून बसला, पण उठून गेला नाही.

चारच्या एसटीसाठी मी त्याला फाट्यापर्यंत सोडायला गेले. दोन्हीकडे द्राक्षांच्या बागा, थंड वारा. तो ओले बूट हातात धरून अनवाणी चालत होता.

"लागलं?" मी विचारलं.

"गुडघ्याला नाही."

"मला अजून राग आहे."

"माहीत आहे."

"बराच दिवस राहील. मध्येच कधीतरी परत येईल. तेव्हा 'आता किती दिवस' असं विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

"आणि माझ्या घरातलं, माझ्याबद्दलचं काही लिहायचं नाही."

"एक ओळसुद्धा?"

"एक ओळसुद्धा नाही."

तो थांबला. "मग मला तुला जे सांगायचंय ते... मी तीन पानं लिहून खिशात आणली होती. पाण्यात गेली."

"तोंडानं सांग."

लांबून एसटीचा आवाज यायला लागला. त्यानं बूट खाली ठेवले, पुन्हा उचलले.

"मला तू आवडतेस, तेजू," शेवटी तो म्हणाला. "म्हणजे... खूप. बाकी काही सुचत नाहीये."

"बास आहे तेवढं," मी म्हणाले. माझा आवाज मला हवा तितका कडक आला नाही. "मलाही तू आवडतोस. त्याचाच जास्त राग येतोय. जा आता, एसटी थांबायची नाही."

तो चढला, खिडकीशी बसला आणि काच खाली ओढायला लागला. काच अडकली. काचेआडून तो काहीतरी विचारत होता, ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून कळलं. पुढचा रविवार?

मी मान हलवली. हो म्हणून.