नकाशात नसलेला तारा

वाईतल्या आपल्या गच्चीवर शर्वरीबाईंनी दिवेलागणीनंतर कॅमेऱ्याची तिपाई मांडली. आकाशाचे फोटो काढायला आताशा कुणी एवढी खटपट करत नसे. उपग्रहांच्या रेघांनी आकाश भरून गेल्यापासून प्रत्येक नव्या कॅमेऱ्यात ‘नभपूरक’ बसवलेला असायचा. तो फोटोतल्या रेघा पुसायचा आणि ताऱ्यांच्या नकाशाशी ताडून सगळं चित्र नीटनेटकं करून द्यायचा.

शर्वरीबाईंचा कॅमेरा त्या आधीचा, कॉलेजातला. लग्नानंतर तो माळ्यावर गेला. मग मुक्ताचा जन्म, बँकेतल्या बदल्या, सासूबाईंचं आजारपण. मधूनच एखादी अमावास्या हाती लागायची, तेवढीच. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, तर गुडघे कुरकुरू लागले.

त्या संध्याकाळी हंस तारकासमूहाच्या फोटोत त्यांना एक ठिपका जास्तीचा दिसला. खात्रीसाठी त्यांनी घरातल्या नव्या कॅमेऱ्यानेही तोच भाग टिपला. ठिपका क्षणभर उमटला आणि ‘दुरुस्ती पूर्ण’ ही अक्षरं येताच नाहीसा झाला. नकाशात तो तारा नव्हताच.

त्यांनी वेधशाळेला कळवलं. जुन्या कॅमेऱ्याचा दोष असू शकेल, दुसऱ्या गावाहून नभपूरकाविना काढलेला फोटो मिळाला तर पाहू, असं तिथून सौम्यपणे सांगण्यात आलं.

असा कॅमेरा त्यांच्या माहितीत आणखी एकाच घरी होता, नागपुरात मुक्ताकडे. तिला हा नाद आईनेच लावला होता, पण लेक ओवी झाल्यापासून तिचाही कॅमेरा कपाटात पडून होता. शर्वरीबाईंनी फोन केला. मुक्ताचा आवाज थकलेला होता. ओवी कशीबशी आत्ताच झोपली होती.

शर्वरीबाईंना सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं. तरी त्या म्हणाल्या, “राहू दे गं. तू पड जरा.”

तासाभराने मुक्ताचा फोटो आला. सगळे तारे हलून आखूड रेघा झाले होते. हंसाच्या मानेजवळ मात्र नकाशातल्यापेक्षा एक रेघ जास्त होती.

पाठोपाठ फोन आला. “ओवी उठलीच. तिला खांद्यावर घेऊन काढलाय, म्हणून हललाय.”

“हलू दे,” शर्वरीबाई म्हणाल्या.

दोन्ही फोटो पोचल्यावर वेधशाळेने आपली दुर्बीण नभपूरक बंद करून तिकडे वळवली. तो नवतारा होता, अचानक उजळलेला. अभिनंदनाचा निरोप शर्वरीबाईंनी मुक्ताला वाचून दाखवला.

मग तिने हळूच विचारलं, “आई, आपण दोघी कामात होतो, त्या वर्षांत असे किती तारे पुसले गेले असतील?”