घंटी नसलेली सायकल

बस निघून गेल्यावर इल्वाच्या लक्षात आलं की आपण एक थांबा आधीच उतरलोय. दोन्ही बाजूंना काळंभोर स्प्रूसचं रान, मधोमध ती, तिची निळी बॅग, आणि वरून तिरपा, बोचरा पाऊस. म्हणे जून महिना. तिनं टोपी कपाळावर ओढली आणि चालायला लागली.

एक मळकट पांढरी व्हॅन तिला ओलांडून पुढे गेली, थांबली आणि उलटी उलटी येत शेजारी उभी राहिली. काच खाली झाली.

"स्ट्रँडविका?" आतल्या तरुणानं विचारलं.

"हो... म्हणजे, जायचं तर तिथंच होतं."

"मग बस. पण आधीच सांगतो, वास येईल. मी हेरिंग मासे आंबवतो. आता हा वास गाडीचा की माझा, ते मलाही सांगता येत नाही."

"मी नाकानं श्वासच घेणार नाही."

"पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला आणि तिच्याकडे न बघताच हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती, आणि ती नेमकी तिच्याच बाजूला होती.

त्याचं नाव एस्किल. छपरावर पाऊस वाजत होता, काचेवरचे वायपर कुरकुरत होते, आणि तेवढ्यात रेडिओवर सायकलची घंटी वाजली. ट्रिंग-ट्रिंग. मग पा-पा-पा...  इल्वानं टोपी आणखी पुढे ओढली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

एस्किलनं हात लांब करून रेडिओ बंद केला.

"बॅटरी जरा... कमी आहे," तो म्हणाला. गाडी तर टुणटुणीत चालली होती. पण गाड्यांमधलं इल्वाला ओ की ठो कळत नव्हतं. तिच्या जिवात जीव आला, एवढं खरं.

कारण 'ये ना, ये सायकलवरून' असं त्या गाण्यात लाडीगोडीनं म्हणणारा आवाज तिचाच होता. आठ वर्षांपूर्वी, पंधराव्या वर्षी, ती 'पास्टिल' नावाच्या बँडमध्ये गात असे. दोन मुलं, दोन मुली, पिवळी-गुलाबी जॅकेटं आणि केसांत चमकी. त्या उन्हाळ्यात मालमोपासून किरुनापर्यंत, अख्ख्या स्वीडनमध्ये, असं एक घर नव्हतं जिथं ते गाणं वाजलं नाही. पुढची दोन गाणी कुणी ऐकली नाहीत, चौघं चार दिशांना गेली, पण ते एक गाणं काही तिची पाठ सोडेना. स्टॉकहोममध्ये कुणी ओळखलं की अंगठा हलवून हवेतच घंटी वाजवायचं, ट्रिंग-ट्रिंग. दातांच्या डॉक्टरनंही दात बघायच्या आधी वाजवली होती. तेही तिनं हसून सोडून दिलं असतं. पण गेल्या वर्षी ज्याच्यावर तिचा जीव जडला, तो तिला पहिल्याच जेवणाला घेऊन गेला तेव्हा टेबलाशी त्याचे मित्र आधीच येऊन बसले होते. "गा ना," तो म्हणाला, "एकदाच." ती गायली. घरी येऊन रडली, आणि त्यानंतर तिनं केस तपकिरी रंगवले.

स्ट्रँडविकाच्या भाकरीघरात उन्हाळ्यापुरती मुलगी हवी होती. पातळ भाकरी लाटायची, बास. राहायला वाण्याच्या दुकानावरची खोली. दुकान एस्किलच्या आत्याचं, गुन-ब्रिटचं. ही बाई शब्द असे वापरायची, की जणू ते परदेशातून मागवावे लागतात. तिनं इल्वाला किल्ली दिली, वापरायला एक जुनी हिरवी सायकल दिली आणि म्हणाली, "घंटी नाहीये. मोडली."

"चालेल," इल्वा म्हणाली. मनात म्हणाली, देव पावला.

गावात तिला कुणीच ओळखलं नाही. आधी काय करायचीस, असंही कुणी विचारलं नाही. त्या किनाऱ्यावर दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावणं म्हणजे न ठोठावता घरात शिरणं. त्यामुळे 'मी ऑफिसात होते' हे खोटं इल्वाला सांगावंच लागलं नाही. ते तसंच पाठ केलेलं राहिलं.

एस्किल रोज भाकरी न्यायला यायचा. खरं तर त्याला रोज लागायची नाही. एकदा तिच्या भुवईला पीठ लागलं होतं. त्यानं बोट उचललं, तिच्या कपाळाजवळ नेलं... आणि मग स्वतःच्याच भुवईकडे दाखवून म्हणाला, "इथं. तुझ्या." तिनं मुद्दाम चुकीची भुवई पुसली. तो तसाच उभा. तिनं पुन्हा चुकीची पुसली. "राहू दे," तो म्हणाला, "शोभतंय." कान लालेलाल करून तो गेला, आणि भाकरी टेबलावरच राहिल्या.

संध्याकाळी तो तिला होडीतून न्यायचा. वल्ही थांबवून दोघं गप्प बसायचे, आणि त्या गप्प बसण्याचं तिला ओझं वाटत नसे. पावसात त्याचं जाकीट दोघांच्या डोक्यावर यायचं. त्या वासाची तिला इतकी सवय झाली, की एक दिवस तो अंघोळ करून, साबणाच्या वासाचा होऊन आला तर तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं. पण बोलायचं नाव नाही. दोनदा तो म्हणाला, "इल्वा... मी काय म्हणत होतो..." आणि दोन्ही वेळा पुढे वाऱ्याची दिशा निघाली.

एकच गोष्ट तिला खुपत होती. दुकानात रेडिओवर ते गाणं लागलं की गुन-ब्रिट हातातलं तोलणं सोडून धावायची आणि कान पिळल्यासारखं बटण पिळायची. जूनमधल्या सणाला, फुलांच्या खांबाभोवती सगळे नाचत होते तेव्हा अकॉर्डियनवाल्या म्हाताऱ्या सिक्स्टननं त्या चालीचे दोनच सूर काढले आणि कुणीतरी त्याच्या पायावर पाय दिला. पुढे निघाली ती नाचाची पोल्काच. इल्वानं मनाशी ठरवून टाकलं, या गावाला माझं गाणं सहन होत नाही. आता गंमत बघा. ज्या गाण्यापासून ही पोरगी पळून आली, ते कुणाला नकोय म्हणून तिला रात्री वाईट वाटायचं.

ऑगस्ट उतरणीला लागला. भाकरीघरातलं काम संपलं, रविवारची बस ठरली. त्याला खरं सांगायचं, असं ती रोज ठरवायची. पण सांगितल्यावर त्याच्या डोळ्यांतही ती घंटी वाजली तर? आपण त्याला आवडतो... निदान तसं वाटतं तरी. पण आवडते ती पीठ लागलेली इल्वा. दुसरी कळल्यावर तो कुणाकडे बघेल?

शनिवारी दुपारी गुन-ब्रिटच्या अंगणात आंबवलेल्या हेरिंगची पंगत होती. डबे बादलीतल्या पाण्यात धरून फोडले, तरी वास यायचा तो आलाच. सिक्स्टन डोळे मिटून म्हणाला की यंदा छान जमलंय. पातळ भाकरी, लोणी, उकडलेले बटाटे, कांदा, वर मासा. एस्किल समोर बसला होता आणि इल्वाच्या भाकरीची गुंडाळी उलगडली की न बोलता पुन्हा वळून देत होता.

एवढ्यात गुन-ब्रिटचा नवा जावई रोगे, सुंड्सवाल शहरातला, पहिल्यांदाच पंगतीला आलेला, नाकाला रुमाल लावून इल्वाकडे टक लावून बघायला लागला. मग त्यानं रुमाल काढला, अंगठा हलवला.

"ट्रिंग-ट्रिंग!"

 इल्वाचा घास हातातच राहिला.

"रोगे," गुन-ब्रिट म्हणाली, "बटाटे घे."

"अहो पण ही तीच ना, ती पास्टिल—"

"बटाटे घे म्हटलं ना."

आणि मग ते सगळं टेबल, जे आजवर दिवसाला दहा वाक्यं बोलत असेल नसेल, एकदम बोलायला लागलं. कुणी हवेबद्दल, कुणी होडीच्या रंगाबद्दल. सिक्स्टननं तर कांद्याच्या पिकावर भाषणच सुरू केलं. इल्वानं एकेकाकडे पाहिलं. कुणीही चकित झालेलं नव्हतं.

"तुम्हाला... माहीत होतं?"

कांद्याचं पीक थांबलं. गुन-ब्रिटनं हात पुसले.

"एस्किलच्या व्हॅनमधून उतरलीस तेव्हापासून," ती म्हणाली. "तू डोकं खाली घालून आलीस. वाटलं, तुला नको असेल. मग सायकलची घंटी मी काढून ठेवली."

"माझ्या पायाचं नख गेलं त्या दिवशी," सिक्स्टन हळूच म्हणाला. "आणि चाल चांगली आहे गं. उगाच सोडावी लागली."

हसावं की रडावं, इल्वाला कळेना. अख्ख्या गावानं तिच्यासाठी तीन महिने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. पण समोरच्या एस्किलनं मान खाली घातली होती, आणि तेच तिला लागलं. ती उठली आणि उतारावरून थेट धक्क्यावर गेली.

तो मागून आलाच. चार फळ्या अलीकडे थांबला.

"म्हणजे तूही," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "पहिल्या दिवशीच. बॅटरी म्हणे."

"बॅटरी... ठीक होती."

"मग एवढे दिवस होडीतून कुणाला फिरवत होतास? मला, की पास्टिलमधल्या पोरीला? खरं सांग, एस्किल. मला एकदा असं झालंय. पुन्हा नाही झेपणार."

 वारा पडला होता, त्यामुळे यावेळी बोलायला वाऱ्याची दिशाही नव्हती.

"रागावणार नसशील तर सांगतो," तो म्हणाला. "मला ते गाणं आवडत नाही."

"काय?"

"अजिबात नाही. माझी बहीण दिवसभर लावायची. ते पा-पा-पा आलं की मी गोठ्यात जाऊन बसायचो."

तिला हसू फुटलं आणि डोळेही भरले. "मग रेडिओ का बंद केलास? स्वतःसाठी?"

"नाही. ते सुरू झालं आणि तू टोपी ओढलीस. तुझं तोंड... एवढंसं झालं. तू कोण ते मला नंतर कळलं, गाडीतून उतरताना. पण तुला ते ऐकायचं नाही, एवढं आधी कळलं होतं." मग चाचरत म्हणाला, "आवाज मात्र आवडतो. भाकरी लाटताना गुणगुणतेस ना, तो. म्हणून रोज यायचो. घरी भाकरीची चळत झालीय, आई ओरडते."

आपण गुणगुणतो हे तिला ठाऊकच नव्हतं. वर्षभर आपण गायलो नाही, असंच ती धरून चालली होती. ती वळली आणि उरलेल्या चार फळ्या चालून त्याच्यासमोर उभी राहिली.

"एस्किल, आणखी काय काय आहे, जे तुला माहीत आहे आणि तू बोलत नाहीस?"

"एकच गोष्ट."

"बोल मग."

त्यानं आकाशाकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. "उद्याची बस... म्हणजे... ती चुकली तरी चालेल."

"हे बसबद्दल झालं."

"तू जाऊ नयेस असं मला वाटतं."

"का?"

"इल्वा, तू फार छळतेस."

"तीन महिने मी छळलं? की तू? का, ते सांग."

"कारण मला तू हवी आहेस," तो म्हणाला. एका दमात, इतक्या मोठ्यानं की स्वतःच दचकला. "जूनपासून. पिठासकट. गा, नको गाऊस, केस कुठलेही कर. पण इथं राहा."

 तिनं त्याच्या कॉलरला धरून त्याला खाली ओढलं आणि त्याच्या ओठांवर ओठ टेकले. दोघांच्याही तोंडाला हेरिंगचा वास होता, म्हणून कुणालाच आला नाही.

मग तिनं त्याच्या खांद्यावरून वर पाहिलं. अंगणातली सगळी मंडळी खुर्च्या फिरवून समुद्राकडे पाठ करून बसली होती, आणि ओळीनं डोंगराकडे बघत होती. तिकडे बघण्यासारखं काहीच नव्हतं. रोगे तेवढा मान वळवून बघत होता. गुन-ब्रिटनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि डोंगराकडे फिरवलं.