गसचं तोंड

बर्बँकमध्ये टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत लॉइड पाव्हलिकने आपली कार्टून मालिका थाटली होती. पोराटोरांची नव्हे हं, मोठ्यांची. तिचा नायक गस हा बियरबाज, तोंडाळ बाप. नमुन्याचा पहिला भाग शुक्रवारी वाहिनीवाल्यांना दाखवायचा होता आणि लॉइडला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्याची थोरली बहीण इर्मा तोंडं लावायची. म्हणजे आवाज तुकड्यातुकड्याने ऐकून कुठे ओठ मिटलेले, कुठे उघडे, कुठे दात ओठावर, हे ठरवून द्यायची. समुद्रापलीकडच्या सोल शहरातले चित्रकार त्याबरहुकूम तोंडं काढायचे. आपलं एकही तोंड आजवर चुकलेलं नाही, हे ती न विचारताही सांगायची.

सोमवारी सोलहून फिल्म आली, सोबत चित्रांची सगळी पानंही. बायको, मुलगी, कुत्रा, सगळ्यांची तोंडं चोख. फक्त गस बोलत होता एक आणि त्याचे ओठ हलत होते भलतेच.

"लागली ना नजर!" संकलक रुबेन हसला. "जुना आवाज धाडलास तू त्यांना, कबूल कर."

ही चूक इथे सर्रास होते. नट ठरेपर्यंत घरच्याच कुणाचा तरी कच्चा आवाज भरतात. गसचा कच्चा आवाज लॉइडने दिला होता, अगदी झकास. नंतर नट आला आणि लॉइडचा आवाज बाजूला पडला. पण इर्माने तो जुना आवाज काढून लावून पाहिला, तर तोही जुळेना.

मग तिने आवाज बंद केला आणि नुसते ओठ वाचायला बसली.

"डोनट कालचा आहे. मारायचा विचार आहे का मला?"

संहितेत डोनट नव्हताच. तेवढ्यात लॉइड आत आला, खोक्यातला डोनट चावून त्याने तोंड वाकडं केलं.

"डोनट कालचा आहे, इर्मे. मारायचा विचार आहे का मला?"

योगायोग, म्हणून तिने स्वतःला दटावलं आणि पुढचा प्रसंग लावला. गस खिडकीशी उभा. "फांदी पडली बघ माझ्या गाडीवर."

बाहेर वाळवंटी वारा सुटला होता. खिडक्या खडखडत होत्या. दुपारी लॉइड खालून धापा टाकत वर आला आणि त्याने तेच वाक्य म्हटलं. ही चित्रं दोन महिन्यांपूर्वी समुद्रापलीकडे रंगवलेली होती.

मंगळवारभर ती शेवटच्या प्रसंगाला हात लावेना. उगीच कॉफी करी, पेन्सिली टोकी, जिन्यात येरझाऱ्या घाली. अखेर तिने तो लावला. जेवणाच्या टेबलावर सगळे खिदळताहेत. गस बायकोकडे वळतो.

"इर्मे, मला..."

आणि तोंड तसंच उघडं. सगळे हसताहेत, कुत्रा नाचतोय, पडदा काळा होईपर्यंत ते तोंड काही मिटत नाही. गसच्या बायकोचं नाव इर्मा नव्हतं.

"शेवटचा प्रसंग काप, लॉइड. पाया पडते तुझ्या," ती म्हणाली.

"शेवट कापून काय दाखवू, माझं टाळकं? ओठ वाचून वाचून तुझं डोकं फिरलंय." लॉइड बोलता बोलता छाती चोळत होता. "जळजळतंय जरा. त्या तुझ्या डोनटची कृपा!"

"डॉक्टरकडे चल."

"शुक्रवारनंतर. मग हवं तर दवाखान्यात मुक्कामच ठोकतो."

तिला रडू फुटलं. दोघांनाही दुसरं कुणी उरलेलं नव्हतं.

पण एक गोष्ट तिच्या हातात होती. कार्टूनमध्ये चेहरा एका पारदर्शक पानावर असतो आणि तोंड त्याच्यावरच्या दुसऱ्या. तोंडाची पानं तेवढी बदलता येतात. बुधवारी सकाळी तिने शेवटच्या प्रसंगातली गसची सगळी उघडी तोंडं काढून टाकली आणि त्यांच्या जागी स्वतःच्या हाताने काढलेलं मिटलेलं तोंड ठेवलं. एकच काळी रेघ. गस नुसता ऐकत बसेल, बोलणारच नाही. रुबेनने कुरकुरत तेवढा भाग पुन्हा चित्रित करून आणला.

शुक्रवारी वाहिनीच्या छोट्या थिएटरात लोक पोट धरून हसले. इर्माचं चित्रांकडे लक्षच नव्हतं. तिने लॉइडचा हात घट्ट धरून ठेवला होता.

शेवटचा प्रसंग आला. टेबल. हशा. गस वळला.

लॉइडही वळला.

गसचे ओठ मिटलेले राहिले. पडदा काळा झाला.

लॉइडचा हात उबदार होता. नाडी चालू होती. श्वास चालू होता. "वाचलास रे," ती पुटपुटली आणि डोळे पुसायला लागली.

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. वाहिनीच्या बाई पुढे वाकून म्हणाल्या, "घेतली तुमची मालिका! आता दोन शब्द बोला की, लॉइड."

लॉइड उठला नाही.

"लॉइड? अरे, बोल ना."

त्याचा गळा खालीवर झाला. नाकपुड्या फुलल्या. तो भेदरून बहिणीकडे बघत राहिला.

इर्माने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. एकच बारीक काळी रेघ. डाव्या टोकाला किंचित वर गेलेली. तिच्या हाताच्या सगळ्याच रेघा तशा जायच्या.